आधी मोडा, मग जोडा: नागपुरातल्या लिनक्स गटासाठी व्हर्च्युअल मशीनची कार्यशाळा

लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटात नवा माणूस आला की पूर्वी एक काम ठरलेलं असे. त्याच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून द्यायचं. याच मेळाव्यांना 'इन्स्टॉल फेस्ट' म्हणत. माझ्या मते पहिल्या भेटीत आता हे करूच नये. विंडोज ११ च्या कित्येक लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनने, कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. आत कुणाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, कुणाच्या दुकानाचे हिशेब. पार्टिशन करताना, म्हणजे डिस्कचे भाग पाडताना, एक ओळ चुकली तर तो माणूस पुन्हा फिरकत नाही, वर चार जणांना सांगतो ते वेगळंच.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, हा लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. तिच्यामुळे हा धोका जातो. पण मला तिचा मोठा फायदा दुसराच वाटतो: तिच्यात लिनक्स मोडता येतं. जे मोडायची परवानगी नाही ते माणूस भीत भीत वापरतो, आणि भीत भीत वापरलेलं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) कधी अंगवळणी पडत नाही. म्हणून इथे सांगितलेल्या कार्यशाळेचा गाभा 'लिनक्स कसं बसवावं' हा नाही. 'बसवलेलं लिनक्स कसं उद्ध्वस्त करावं आणि परत उभं करावं' हा आहे.

तारीख, हॉल आणि वीज

मे महिना विसरा. पारा ४५ च्या पुढे गेल्यावर हॉलमध्ये कूलर असला तरी लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतात, आणि व्हीएमला तर वेगच हवा असतो. त्यातून कूलरची दमट हवा थेट टेबलावर घेणं बरं नाही. डिसेंबरात हवा छान असते, पण हिवाळी अधिवेशन असेल तर मोर्चांमुळे बर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधी बंद होतील याचा नेम नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तेव्हा महाल-इतवारीत हॉल घेऊ नका. सप्टेंबरचा तिसरा शनिवार हा सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन, निमित्त म्हणून उत्तम. नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीतला कोणताही रविवार.

कॉलेजची लॅब फुकट मिळते म्हणून लगेच हो म्हणू नका. तिथल्या संगणकांच्या बायॉसला (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जना) बहुधा पासवर्ड असतो, ॲडमिनचा अधिकार नसतो आणि लॅब सांभाळणारे काका रविवारी येत नाहीत. लोकांनी स्वतःचे लॅपटॉप आणावेत हे बरं. घरी गेल्यावर तीच व्हीएम त्यांच्याकडे राहते.

विजेचा हिशेब मात्र कागदावर करा. लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॅटचा धरला तर २० लॅपटॉपचे १३०० वॅट होतात. घरगुती छोटा सॉकेट ६ ॲम्पिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट. सगळे एक्स्टेन्शन बोर्ड एकाच सॉकेटला लावले आणि वर कुणी कूलरही त्यातच खुपसला, की ट्रिप झालंच समजा. दोन वेगळ्या सर्किटवरचे सॉकेट घ्या किंवा एसीचा १६ ॲम्पिअरचा पॉइंट मागा. येणाऱ्यांना बॅटरी भरून आणायला आधीच सांगा.

इंटरनेटवर विसंबू नका

तयार व्हीएमची फाइल ३ जीबीच्या आसपास होते. वीस जणांनी ती उतरवायची म्हणजे ६० जीबी. हॉलच्या ५० एमबीपीएस लाइनवर, सगळं सुरळीत चाललं तरी, दोन तास चाळीस मिनिटं. तोवर लोक तर्री-पोहे खाऊन घरी गेलेले असतात. चार-पाच चांगले यूएसबी ३ पेनड्राइव्ह भरून आणा. ते एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेले असावेत. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि व्हीएमची फाइल कधी फुगेल सांगता येत नाही. सोबत व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा विंडोजसाठीचा इन्स्टॉलर, आणि फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे कॉपी नीट झाली का ते ताडून पाहायचा आकडा, एका मजकूर फाइलमध्ये. अर्धवट कॉपी झालेल्या फाइलने जितका वेळ खाल्ला जातो तितका दुसऱ्या कशानेच नाही. आणि पोहे हॉलच्या बाहेरच ठेवा.

आठवडाभर आधी पाठवायचा निरोप

अर्धी कार्यशाळा या निरोपावर ठरते. तीन गोष्टी सांगा.

पहिली, जागा आणि मेमरी. डिस्कवर २५ जीबी मोकळी, रॅम ८ जीबी. ४ जीबीवर विंडोजच श्वास घेत नाही, तिथे व्हीएमला काय देणार. अशा माणसाला शेजाऱ्याबरोबर बसवा.

दुसरी, व्हीएम चालवण्याची प्रोसेसरमधली सोय चालू आहे का. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू' निवडलं की खाली 'व्हर्च्युअलायझेशन' असं लिहिलेलं असतं. त्यापुढे 'एनेबल्ड' हवं. लिनक्सवर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही कमांड चालवली की त्याच नावाच्या ओळीत व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही दिसतं.

ही सोय का लागते ते थोडक्यात. एका यंत्रावर अनेक यंत्रं चालवण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये बाजारात आणली. पण आपल्या पीसीचा प्रोसेसर या कामासाठी घडवलेला नव्हता. गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या प्रणालीच्या, काही सूचना त्याला थेट चालवू दिल्या तर होस्टचा, म्हणजे मूळ यंत्राचा, ताबा सुटे, म्हणून १९९९ मध्ये आलेल्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनला त्या सूचना धावता धावता बदलाव्या लागत. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच ही व्यवस्था दिली. तिच्या आधारावर केव्हीएम हे लिनक्सवर व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर लिहिलं गेलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) २.६.२० पासून ते कर्नलचाच भाग झालं. बायॉसमध्ये ही कळ बंद असेल तर केव्हीएम चालत नाही, आणि व्हर्च्युअलबॉक्समध्येही आजची ६४-बिट गेस्ट सुरू होत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कळ बंद असेल तर ती बायॉसमध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि बायॉसमधल्या बदलानंतर बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खातं कुणाचं, पासवर्ड काय, हे हॉलमध्ये शोधत बसायची वेळ येऊ नये. म्हणून निरोपात लिहा: आधी ती की शोधून कागदावर उतरवा, मगच बायॉसला हात लावा. बायॉसमध्ये शिरायला डेल आणि एसरवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोव्होवर मॉडेलप्रमाणे एफ१ किंवा एफ२. हे बटण वेळेत दाबलं जात नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून 'रीस्टार्ट' करा आणि 'ट्रबलशूट'मधून 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज'वर जा. इंटेलच्या यंत्रात सोयीचं नाव 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', एएमडीत 'एसव्हीएम मोड'. बदल जपून ठेवल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू करा.

ॲपलच्या एम-मालिकेतला मॅक कुणाकडे असेल तर आपली फाइल त्याच्या उपयोगाची नाही, कारण प्रोसेसरच वेगळ्या जातीचा, आर्म, आहे. त्याने यूटीएम (मॅकवर व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आणि डेबियन या लिनक्सची आर्म आवृत्ती घरून बसवून यावं.

कोणतं सॉफ्टवेअर?

विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स, लिनक्सवर केव्हीएम आणि ते हाताळायला व्हर्ट-मॅनेजर. यावर गटात वाद घालण्यात अर्थ नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ पासून सगळ्यांना मोफत आहे आणि चांगलंही आहे, पण उतरवण्यासाठी खातं उघडावं लागतं आणि त्याचा सोर्स बंद आहे. लिनक्सच्या गटाने त्यातून सुरुवात करावी हे मला पटत नाही. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय, कुणी सुचवेलच. त्यात कमांड शिकता येतात, पण बूट कसं होतं, ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) काय करतं, पार्टिशन कसं पडतं यातलं काही दिसत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच मोडायचं आहे.

एक सावधगिरी. व्हर्च्युअलबॉक्स मुक्त परवान्याखाली आहे, त्याचा एक्स्टेन्शन पॅक, म्हणजे जादा सोयींची पुरवणी, नाही. तो वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरता मोफत आहे. मिहानमधल्या कंपनीचा लॅपटॉप घेऊन कुणी आलं असेल तर त्यावर तो पॅक टाकू नका. आपल्या कामाला तो लागतही नाही.

मूळ व्हीएम तयार करणं

हे काम एकाने करायचं आणि दुसऱ्याने वेगळ्या लॅपटॉपवर तपासायचं. डेबियन घ्या, डेस्कटॉप एक्सएफसीई. दोन प्रोसेसर, २ जीबी रॅम, २० जीबीची डायनॅमिक डिस्क. डायनॅमिक म्हणजे गेस्टला २० दिसतात, पण होस्टवर फाइल वापरापुरतीच वाढते. फर्मवेअर यूईएफआय (बायॉसची नवी पिढी) न ठेवता साधं बायॉस ठेवा. व्हर्ट-मॅनेजरच्या बऱ्याच आवृत्त्यांत यूईएफआयच्या व्हीएमचे स्नॅपशॉट, म्हणजे नंतर परत जाता येईल अशी त्या क्षणाची नोंद, घेताना अडचण येते, आणि स्नॅपशॉटशिवाय आपली कार्यशाळाच नाही.

इन्स्टॉल करताना डेबियन रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारतो. तो रिकामा सोडला तर रूट खातं बंद राहतं आणि पहिल्या वापरकर्त्याला सुडो, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची मुभा, मिळतं. एरवी हे ठीक, पण आपण पुढे मुद्दाम बूट बिघडवणार आहोत. आणीबाणीच्या मोडमध्ये रूट खातं बंद असेल तर डेबियन आत घेतच नाही. तेव्हा रूटचा पासवर्ड द्या. मग वापरकर्त्याला सुडो आपोआप मिळत नाही, त्याला सुडो गटात हाताने टाकावं लागतं. हे विसरलं की वीस जण एकाच वेळी 'सुडो चालत नाही' म्हणून ओरडतात.

मराठीसाठी देवनागरी फॉन्ट आणि आयबसमधून इनस्क्रिप्ट कीबोर्ड बसवून ठेवा. टर्मिनलमध्ये मराठी नावाची फाइल बनली की नव्या माणसाचा चेहरा बदलतो, हे कितीदा पाहिलंय.

आता दोन गोष्टी ज्या मी कुठल्याही परिस्थितीत सोडत नाही. गेस्टच्या डेस्कटॉपचा रंग भडक लाल करा, आणि टर्मिनलचा प्रॉम्प्टही लाल. सगळं पुसणारी कमांड कुठल्या खिडकीत टाकतोय हे दुरून दिसलं पाहिजे, विशेषतः ज्यांचं होस्टही लिनक्स आहे त्यांना. दुसरी, शेअर्ड फोल्डर चालू करू नका. होस्टचं फोल्डर गेस्टमध्ये जोडलेलं असेल तर गेस्ट पुसताना तेही पुसलं जातं. व्हीएमच्या भिंतीला आपणच पाडलेलं ते भोक आहे.

शेवटी साफसफाई. एकाच मूळ फाइलच्या वीस प्रती होणार, म्हणजे वीस मशीनची ओळख एकच होणार. 'मशीन-आयडी' ही फाइल रिकामी करा, पण काढून टाकू नका. रिकामी सापडली की पुढच्या बूटला नवा आयडी तयार होतो. नाहीतर काही मांडण्यांत राउटर दोन मशीनना एकच आयपी देतो आणि दोष कुठे आहे ते कळत नाही. एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरायची सोय. तिच्या होस्ट की, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या चाव्या, पुसा. डेबियन त्या स्वतःहून पुन्हा बनवत नाही, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या व्हीएममध्ये ओपनएसएसएच-सर्व्हर हे पॅकेज डीपीकेजी-रिकॉन्फिगर या कमांडने पुन्हा मांडून घ्यायचं. हे मी मुद्दाम कार्यशाळेतच करायला लावतो. सर्व्हरची ओळख म्हणजे काय ते तिथेच समजतं. मग एपीटीची (पॅकेज उतरवून बसवणाऱ्या सोयीची) साठवण रिकामी करा, मोकळी जागा शून्यांच्या एका मोठ्या फाइलने भरून ती फाइल पुसा, मशीन बंद करा आणि ओव्हीए, म्हणजे अख्खी व्हीएम सामावलेली एक फाइल, म्हणून एक्स्पोर्ट करा. शून्यं दाबली जातात, फाइल लहान होते. साफसफाईनंतर ही मूळ व्हीएम पुन्हा सुरू करायची नाही, नाहीतर आयडी परत तयार होतो.

केव्हीएमवाल्यांसाठी वेगळी प्रत: ओव्हीए ही टार, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेली, फाइलच असते. ती उघडून आतली व्हीएमडीके डिस्क क्यूईएमयू-आयएमजी या कमांडने केव्हीएमला चालणाऱ्या क्यूकाउ२ स्वरूपात बदलून पेनड्राइव्हवर ठेवा.

प्रत्यक्ष दिवशी

सुरुवातीला ओव्हीए इम्पोर्ट करायची. इम्पोर्टच्या खिडकीत नव्या मॅक पत्त्यांचा (नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकांचा) पर्याय निवडायला सांगा, तो पुष्कळदा नजरेतून सुटतो. मशीन सुरू झालं, लॉगिन झालं, आयडी-कींचं काम झालं की बंद करून पहिला स्नॅपशॉट. नाव 'कोरी पाटी'. ओव्हीएमध्ये जुने स्नॅपशॉट येत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला तो स्वतःच घ्यावा लागतो, आणि तेच बरं.

याच वेळी मागून आवाज येतो, "दादा, माझं तर सुरूच होऊन नाही राह्यलं." बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं. बायॉसची कळ अजून बंदच आहे. किंवा होस्ट लिनक्स आहे, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड नाकारणारी सोय) चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या मॉड्यूलवर, म्हणजे कर्नलमध्ये भरायच्या तुकड्यावर, सही नाही. अशा वेळी सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा त्याला केव्हीएमकडे वळवा. तिसरं कारण नवं आहे: कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचं मॉड्यूल लोड झालं की ते प्रोसेसरची सोय लगेच ताब्यात घेतं, आणि व्हर्च्युअलबॉक्स व्हीएमएक्स रूट मोडबद्दल तक्रार करून थांबतं. डेबियन १३ मध्ये हाच कर्नल आहे. केव्हीएम-इंटेल किंवा केव्हीएम-एएमडी मॉड्यूल उतरवलं की काम होतं.

विंडोजवर व्हीएमच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसलं तर घाबरू नका. मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही हा व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम आधीच प्रोसेसरवर बसला आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या आडून, हळू, चालतंय, एवढाच अर्थ. 'मेमरी इंटिग्रिटी' बंद केली की कासव जाऊ शकतं, पण ती विंडोजची सुरक्षा आहे. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ती बंद करायला सांगू नका, कासव चालू द्या.

मग विध्वंस. लाल खिडकी आहे ना, शेअर्ड फोल्डर नाही ना, हे शेजाऱ्याने शेजाऱ्याचं तपासायचं. आणि रूट होऊन आरएम या पुसणाऱ्या कमांडला मुळापासून सगळं पुसायला सांगायचं. आजचं आरएम एकदा सांगून ऐकत नाही. 'मूळ जपू नको' अशी वेगळी खूण द्यावी लागते. फाइली भराभरा जाताना दिसतात, हळूहळू मेनू उघडेनासे होतात, फाइलींची यादी दाखवणारी एलएससुद्धा सापडत नाही, पण माऊस फिरत राहतो. तो का फिरतो, हे विचारा. चालू प्रोग्रॅम मेमरीत असतात आणि पुसलेली फाइल कुणी उघडी धरली असेल तर ती खरोखर जात नाही, हे उत्तर गटातूनच येऊ द्या. मग रीबूट, काळी पाटी, आणि स्नॅपशॉटवर परत. सगळ्यात जास्त गलका इथेच होतो.

पण दुसरा टप्पा खरा. आता स्नॅपशॉटवर परतायची मुभा नाही, दुरुस्त करायचं. जोड्या करा: एकाने बिघडवायचं, दुसऱ्याने शोधायचं. मला आवडणारे बिघाड असे. एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, अस्तित्वातच नसलेल्या डिस्कची ओळ टाकणं. बूट दीड मिनिट अडतं आणि मग आणीबाणीचा मोड येतो. डिस्क मोठ्या फाइलने गच्च भरणं. चित्रमय लॉगिन होता होता परत फिरतं आणि माणूस पासवर्डला दोष देत बसतो. सुडोचाच चालवण्याचा हक्क काढणं. आणि पासवर्ड विसरणं: ग्रबच्या मेनूत ई दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'इनिट' (सगळ्यात आधी सुरू होणारा प्रोग्रॅम) म्हणून बॅश (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) द्यायचं, मूळ फाइलव्यवस्था लिहिण्यायोग्य करून माउंट करायची आणि पासवर्ड बदलायचा. हे जमल्यावर कुणीतरी विचारतंच, "म्हणजे माझा लॅपटॉप ज्याच्या हातात, त्याला पासवर्ड लागतच नाही का?" डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर नाही लागत. त्यावरची चर्चा लांबली तर लांबू द्या.

नेटवर्क, वेळ उरला तर

व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅट मांडणीत, म्हणजे व्हीएम होस्टच्या आडून नेटवर जाते तेव्हा, प्रत्येकाला आपला पत्ता १०.०.२.१५ दिसतो आणि सगळे चक्रावतात. प्रत्येक व्हीएम आपापल्या वेगळ्या नॅटच्या मागे आहे, त्यामुळे पत्ते एकसारखे असले तरी टक्कर होत नाही. मात्र त्यांना एकमेकांशी बोलताही येत नाही. केव्हीएममध्ये पत्ते १९२.१६८.१२२ पासून सुरू होतात. एकमेकांच्या व्हीएममध्ये एसएसएचने शिरायचं असेल तर ब्रिज मोड, म्हणजे व्हीएमला थेट हॉलच्या नेटवर्कवर आणणारी मांडणी, लागतो, आणि वायफायवर तो अनेकदा दगा देतो, कारण ॲक्सेस पॉइंट ज्या मॅक पत्त्याला ओळखतो त्याच्याशिवाय दुसऱ्याच्या नावाने आलेली पाकिटं घेत नाही. एक साधा आठ पोर्टचा स्विच आणि केबल आणा. पण ब्रिज चालू करण्याआधी पासवर्ड बदलायला लावा. वीस मशीनचा एकच पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे. न बदलणाऱ्याच्या डेस्कटॉपवर शेजारी काहीतरी लिहून जातोच, आणि तो धडा भाषणापेक्षा बरा बसतो.

नंतर

घरी गेल्यावर व्हीएम नको असेल तर व्हर्च्युअलबॉक्समधून काढताना 'सगळ्या फाइली पुसा' निवडायचं, नुसतं यादीतून काढलं तर जागा परत मिळत नाही. ठेवायची असेल तर स्नॅपशॉटचा ढीग करू नका. त्यांच्या फाइली वाढत जातात. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअपही नाही, तो त्याच डिस्कवर असतो.

गट टिकला तर कुणाच्या तरी कार्यालयातून निवृत्त झालेला १६ जीबी रॅमचा डेस्कटॉप मिळवा आणि त्यावर प्रॉक्समॉक्स बसवा. तो डेबियनवरच उभा आहे, आत केव्हीएमच आहे आणि ब्राउझरमधून चालतो. ज्यांचे लॅपटॉप अशक्त आहेत त्यांची व्हीएम तिथे ठेवता येते. फक्त तो कुणाच्या घरी राहणार हे आधी ठरवा. ६० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला सुमारे ४३ युनिट, आणि ते बिल एकट्याच्या माथी मारणं बरोबर नाही. बैठकीच्या दिवशी सुरू करून संध्याकाळी बंद केला तरी चालतं. सुरू करायची जबाबदारी पाळीपाळीने घ्या.